निवडणूक रोखे रद्द झाले, तरी देणगीदार का दिसत नाही?

प्रश्न असा आहे: सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये निवडणूक रोखे (बँकेतून विकत घेऊन पक्षाला द्यायचे, देणाऱ्याचे नाव जाहीर न होणारे कागद) रद्द केले. मग कंपन्यांचा छुपा पैसा निवडणुकीत येणे थांबले का? आणि एखाद्या पक्षामागे कोणाचा पैसा आहे हे साध्या मतदाराला, घरबसल्या, शोधता येते का?

पैसा थांबलेला नाही, त्याने वाट बदलली आहे. शोधता येतो, पण अर्धवट, आणि तोही मतदान होऊन गेल्यावर. असे का, हे समजायला एकच कसोटी पुरते. कोणी दिले, कोणाला दिले आणि कोणत्या तारखेला दिले, या तीन गोष्टी एकाच ओळीत वाचता आल्या तर देणगी उघड. त्यातली एक जरी गळाली तरी देणगी छुपीच, मग कागदोपत्री रक्कम कितीही पांढरी असो. आपल्याकडचा कायदा गेली कित्येक वर्षे या तीनपैकी कोणती ना कोणती गोष्ट गाळत आला आहे.

हा वाद मुंबईला नवा नाही. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता. एका भागधारकाने हरकत घेतली आणि १९५७ मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे आले. तेव्हाच्या कायद्यात मनाई नसल्याने परवानगी द्यावी लागली, पण हा धोका वाढत जाऊन लोकशाहीचा गळा आवळू शकतो, संसदेने वेळीच लक्ष घालावे, असे न्यायालयाने निकालात बजावले. पुढे १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी आली. बंदीच्या काळात पैसा रोखीत गेला. १९८५ मध्ये मर्यादेसह परवानगी परत मिळाली, आणि २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १८२ ने ही मर्यादा आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५ टक्के अशी ठरवली. कंपनी किमान तीन वर्षे जुनी हवी, संचालक मंडळाचा ठराव हवा आणि नफा-तोटा पत्रकात पक्षाचे नाव व रक्कम दोन्ही हवीत, अशाही अटी होत्या.

२०१७ च्या वित्त कायद्याने नफ्याची मर्यादा काढली आणि पक्षाचे नाव लिहिण्याचे बंधनही काढले. त्याच कायद्याने रोख्यांसाठी रिझर्व्ह बँक कायदा, लोकप्रतिनिधित्व कायदा आणि आयकर कायदाही बदलला. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१७ मध्येच आक्षेप कळवला होता. निवडणूक आयोगाने मे २०१७ मध्ये कायदा मंत्रालयाला लिहिले की, केवळ देणग्या देण्यासाठी कागदी कंपन्या उभ्या राहतील. हे दोन्ही इशारे बाजूला ठेवून २ जानेवारी २०१८ ला योजना अधिसूचित झाली.

रोखे १ हजार, १० हजार, १ लाख, १० लाख आणि १ कोटीचे होते. ते फक्त स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखांत मिळत आणि १५ दिवसांत वटवावे लागत. साध्या माणसाच्या गोपनीयतेसाठी योजना आहे असे सांगितले गेले, पण मूल्याने पाहिले तर बहुतांश विक्री १ कोटीच्या रोख्यांची झाली. एकूण विक्री सुमारे १६,५१८ कोटी रुपयांची. खरेदीदाराची ओळख बँकेकडे होती, मतदाराकडे मात्र नव्हती. पक्षांकडून माहिती मागितली तेव्हा संयुक्त जनता दलाने आयोगाला कळवले की, पाटण्याच्या कार्यालयात कोणीतरी बंद पाकीट ठेवून गेले आणि त्यात १० कोटींचे रोखे निघाले.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने योजना घटनाबाह्य ठरवली. दोन मुद्दे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. मतदाराला माहितीचा हक्क अनुच्छेद १९(१)(अ) खाली आहे, हा एक. कंपनीला अमर्याद देणगी देऊ देणे मनमानी असून अनुच्छेद १४ चा भंग करते, हा दुसरा. म्हणजे ७.५ टक्क्यांची मर्यादा आणि पक्षाचे नाव लिहिण्याची अट पुन्हा जिवंत झाली. हे अनेकांना, अगदी काही कंपन्यांच्या लेखा विभागालाही, अजून नीट ठाऊक नाही.

निकालानंतर बँकेने जूनअखेरपर्यंत मुदत मागितली, न्यायालयाने ती नाकारली. १४ मार्चला आयोगाने दोन याद्या टाकल्या: एकीत खरेदीदार, दुसरीत वटवणारे पक्ष. दोन्हींना जोडणारा दुवाच नव्हता. तो २१ मार्चला आला, रोख्यांच्या क्रमांकांसह.

या फायली आजही तपासण्याजोग्या आहेत, म्हणून पद्धत सांगतो. खरेदीच्या फायलीत खरेदीची तारीख, खरेदीदाराचे नाव, रोख्याचे आद्याक्षर, क्रमांक, रक्कम आणि शाखेचा संकेतांक आहे. वटवल्याच्या फायलीत पक्षाचे नाव, वटवल्याची तारीख, आद्याक्षर, क्रमांक, रक्कम. जोडणी करताना केवळ क्रमांक घेऊ नका. आद्याक्षरे (‘ओसी’ म्हणजे १ कोटी, ‘टीएल’ म्हणजे १० लाख, ‘ओएल’ म्हणजे १ लाख) आणि क्रमांक एकत्र करून एक चावी बनवा, नाहीतर वेगवेगळ्या किमतीचे रोखे एकमेकांना चिकटतात. पीडीएफमधून स्प्रेडशीटमध्ये आणताना क्रमांकापुढची शून्ये गळतात, त्यामुळे तो स्तंभ आधी ‘मजकूर’ म्हणून ठरवा. एकाच कंपनीचे नाव मध्येच जागा सोडून किंवा शेवट कापून आले आहे, त्यामुळे बेरजेपूर्वी नावे हाताने एकसारखी करावी लागतात. काही वटलेल्या रोख्यांना खरेदीदारच सापडणार नाही. ते १२ एप्रिल २०१९ पूर्वी विकले गेले आणि न्यायालयाचा आदेश त्या तारखेपासूनचा आहे. ती चूक तुमच्या जोडणीची नव्हे.

१२ एप्रिल २०१९ नंतर भाजपने सुमारे ६,०६० कोटी, तृणमूलने १,६०९ कोटी, काँग्रेसने १,४२१ कोटी आणि भारत राष्ट्र समितीने १,२१४ कोटींचे रोखे वटवले. सत्ता जिथे ज्याची, तिथे पैसा त्याच्याकडे वळला, हे राज्यवार तारखा लावून पाहिले की स्पष्ट दिसते.

मर्यादा काढल्याने काय झाले याचे एक उदाहरण नवी मुंबईचा पत्ता असलेल्या क्विक सप्लाय चेन या कंपनीचे. २०२१-२२ मध्ये तिचा निव्वळ नफा २१.७२ कोटी होता आणि त्याच वर्षी तिने ३६० कोटींचे रोखे घेतले. तेव्हाच्या कायद्यात हे बसत होते. जुन्या मर्यादेखाली, त्या एका वर्षाचा नफा धरला तर आकडा दीड-पावणेदोन कोटींच्या घरात जातो. कंपनी नफ्याच्या कित्येक पट देणगी देते, तेव्हा तो पैसा तिचा स्वतःचा आहे की कोणी तिच्यामार्फत देत आहे, हा प्रश्न विचारावाच लागतो. मर्यादा त्यासाठीच होती.

आता सध्याची मोठी वाट: इलेक्टोरल ट्रस्ट. ही योजना २०१३ ची, म्हणजे रोख्यांच्या आधीची. ना-नफा कंपनी स्थापायची, नावात ‘इलेक्टोरल ट्रस्ट’ हे शब्द ठेवायचे, कंपन्या आणि व्यक्तींकडून चेकने किंवा बँकेमार्फत पैसे घ्यायचे आणि त्या वर्षी जमा झालेल्या रकमेपैकी किमान ९५ टक्के त्याच वर्षात पक्षांना वाटायचे. रोख चालत नाही. दरवर्षी आयोगाकडे अहवाल जातो आणि तो सार्वजनिक होतो. रोख्यांपेक्षा ही व्यवस्था निश्चित बरी आहे. २०२४-२५ मध्ये अशा ट्रस्टांनी मिळून पक्षांना ३,८०० कोटींहून अधिक रक्कम दिली. त्यातली सुमारे ८२ टक्के एकट्या भाजपला गेली. सर्वांत मोठा ट्रस्ट प्रुडंट, आणि टाटा समूहाचा प्रोग्रेसिव्ह हाही मोठ्या ट्रस्टांपैकी.

मग अडचण कुठे आहे? अहवालात डावीकडे देणाऱ्यांची यादी असते, उजवीकडे घेणाऱ्या पक्षांची. कोणाचा पैसा कोणाकडे गेला हे लिहिण्याचे बंधन नाही. धरणाच्या जलाशयात दहा नद्या येतात आणि कालव्यातून पाणी सुटते, त्यातले कोणत्या नदीचे हे सांगता येत नाही, तसे हे आहे. त्यात भर म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या डिसेंबर २०१३ च्या परिपत्रकाप्रमाणे ट्रस्टला देणगी देणाऱ्या कंपनीने आपल्या हिशेबपत्रकांत ट्रस्टला दिलेली रक्कम दाखवली की पुरे. सर्वोच्च न्यायालयाने कलम १८२ मधली पक्षाचे नाव लिहिण्याची अट परत आणली, पण कंपनीने ट्रस्टच्या दाराने पैसा दिला तर ती अट तिला गाठतच नाही. माझ्या मते आज दुरुस्त करण्यासारखी सर्वांत मोठी फट हीच आहे, आणि ती बुजवायला नवा कायदा लागत नाही. नियमात एक स्तंभ वाढवून परिपत्रक मागे घेतले की काम होते.

तोवर तारखांवरून अंदाज काढता येतो. ट्रस्टकडे अमुक तारखेला २५ कोटी आले आणि दोन-तीन दिवसांत बरोबर २५ कोटी एका पक्षाला गेले, असे दिसले तर ती रक्कम त्या देणगीदाराची असण्याची शक्यता मोठी. अशी जुळणी एकदा दिसणे योगायोग असू शकतो. तोच देणगीदार, तोच पक्ष आणि तीच रक्कम वारंवार दिसली तर वजन वाढते. तरीही लिहिताना ‘शक्यता’ हाच शब्द वापरा. कागद त्यापुढे जात नाही.

तारखेची गोष्ट तर आणखी त्रासदायक. पक्षांनी २० हजारांवरील देणग्यांची यादी फॉर्म २४ए मध्ये आर्थिक वर्ष संपल्यावर, आयकर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत, म्हणजे साधारण ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यायची असते. २०२४ ची लोकसभा निवडणूक एप्रिल ते जूनमध्ये झाली, महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला. दोन्ही २०२४-२५ या आर्थिक वर्षात येतात. त्यामुळे त्या दोन्ही निवडणुकांच्या काळातल्या देणगीदारांची नावे २०२५ च्या अखेरीस लोकांसमोर आली. सरकार येऊन वर्ष उलटल्यावर कळलेले नाव मतदाराच्या काय कामाचे? मोठ्या देणग्या मिळताच काही दिवसांत जाहीर करण्याची सक्ती हवी. बँकेतून येणारा पैसा पक्षाला त्याच दिवशी दिसतो, त्यामुळे तांत्रिक अडचण काहीच नाही.

प्रत्यक्ष तपासायचे कसे? आयोगाच्या संकेतस्थळावर पक्षांच्या विभागात तीन प्रकारचे कागद असतात: देणगी अहवाल, वार्षिक लेखापरीक्षित हिशेब आणि निवडणूक खर्चाचे विवरण. पहिले दोन शेजारी ठेवा. लेखापरीक्षित हिशेबात ऐच्छिक देणग्यांची एकूण रक्कम असते. त्यातून फॉर्म २४ए मधील बेरीज वजा केली की जे उरते ते २० हजारांखालचे, म्हणजे नाव न सांगता घेतलेले पैसे. रोखीत एका देणगीदाराकडून २ हजारांहून अधिक घेता येत नाहीत, पण चेकने १९,९९९ घेतले तर नाव जाहीर करावे लागत नाही. एखाद्या पक्षात हा निनावी वाटा वर्षानुवर्षे मोठा राहिला तर मोठी रक्कम तुकडे करून घेतली जाते का, हा रास्त प्रश्न आहे. सदस्यता वर्गणी, कूपनविक्री आणि ठेवींवरचे व्याज वेगळे काढायला विसरू नका, नाहीतर तुमची वजाबाकी फुगते.

फॉर्म २४ए मध्ये कंपनीचे नाव मिळाले की पुढची पायरी कंपनी व्यवहार मंत्रालयाचे पोर्टल. एका कंपनीचे सार्वजनिक कागद पाहायला १०० रुपये लागतात आणि दालन तीन तास उघडे राहते, म्हणून काय पाहायचे ते आधी लिहून ठेवा. सुरुवात सीआयएन या २१ अक्षरी ओळख क्रमांकापासून करा. त्यात राज्याची दोन अक्षरे आणि स्थापनेचे वर्ष असते, त्यामुळे कंपनी तीन वर्षांची आहे की नाही हे फाइल न उघडताही कळते. अगदी मिळत्याजुळत्या नावाच्या दोन कंपन्या असणे फार साधारण आहे. नाव नव्हे, सीआयएन जुळवा.

मग कंपनीने दरवर्षी भरलेल्या एओसी-४ या अर्जातील वित्तीय पत्रके. देणगी नफा-तोटा पत्रकात थेट दिसत नाही, ‘इतर खर्च’ या शीर्षाखालच्या टिपणीत सापडते. रक्कम मिळाली की ७.५ टक्क्यांचे गणित करा, पण इथे बहुतेक जण घसरतात. मर्यादेसाठी धरायचा निव्वळ नफा म्हणजे शेवटच्या ओळीतला करोत्तर नफाच, असे गृहीत धरू नका. तो सहसा कंपनी कायद्याच्या कलम १९८ च्या पद्धतीने काढला जातो आणि त्यात आयकर वजा होत नाही. करोत्तर नफा धरून ‘मर्यादा मोडली’ असे जाहीर केले तर कंपनीचा वकील एका पानात उत्तर देईल. तिन्ही वर्षांचे आकडे कलम १९८ प्रमाणे काढून सरासरी घ्या आणि वर्षभरात सर्व पक्षांना मिळून दिलेली रक्कम तिच्याशी ताडा. मर्यादा पक्षागणिक नाही, एकूण आहे. भंग झाल्यास कंपनीला देणगीच्या पाचपटीपर्यंत दंड आहे आणि दोषी अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद.

शेवटी त्याच पोर्टलवरच्या एमजीटी-७ या अर्जातून भागधारक आणि बीईएन-२ या अर्जातून खरा लाभार्थी मालक पाहा. देणगीदार कंपनी छोटी, तिचा मालक दुसरी कंपनी, तिचा तिसरी, अशी साखळी असेल तर प्रत्येक पायरीला वेगळे १०० रुपये आणि वेगळे तीन तास जातील.

देणगी आणि सरकारी निर्णय यांचा संबंध दाखवायचा असेल तर कंत्राट, परवाना, छापा, जामीन, देणगी अशा सर्व तारखा एका रांगेत मांडा. छाप्यानंतर देणगी आली एवढ्याने सिद्ध काही होत नाही. त्याच क्षेत्रातल्या, छापा न पडलेल्या कंपन्यांनी त्या काळात किती दिले, आणि याच कंपनीने छाप्यापूर्वी किती दिले, हे दोन्ही पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. असा अभ्यास घाईने केला की ज्याला प्रश्न विचारायचा त्याच्याच हाती खोडून काढायचे साधन जाते.

बँकेबाहेरून येणारा पैसा मात्र या कोणत्याच कागदावर नसतो. कंपनी मंडपवाल्याचे, एलईडी गाडीचे, हेलिकॉप्टरचे बिल परस्पर भागवते आणि आपल्या वहीत ‘जाहिरात’ किंवा ‘सल्ला शुल्क’ म्हणून दाखवते. पक्षाच्या स्मरणिकेत भरमसाट दराने पानभर जाहिरात देणे हा जुना प्रकार. कलम १८२ मध्ये स्मरणिकेतली जाहिरात आणि पक्षाला पाठिंबा मिळवून देणाऱ्या कामासाठी कोणालाही दिलेला पैसा, दोन्ही देणगीतच मोजले आहेत. तरतूद चांगली आहे, ती लावली मात्र क्वचितच जाते.

इथे रस्त्यावरचा एक पुरावा उपयोगी पडतो. निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ ने बंधनकारक आहे. प्रतींची संख्याही आयोग मागतो. छापण्यापूर्वी प्रकाशकाने दोन साक्षीदारांच्या सहीने घोषणापत्र द्यायचे आणि मुद्रकाने त्याची प्रत जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची. तळाची ती बारीक ओळ नसेल, किंवा तिथे कोणा अनोळखी ‘मंचा’चे नाव असेल, तर निवडणूक काळात आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रार ॲपमधूनच त्याचा फोटो काढून पाठवा. उमेदवाराच्या संमतीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा आहे. समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींसाठी मेटा आणि गुगल दोघांचीही सार्वजनिक जाहिरात-संग्रहालये आहेत, त्यांत पैसे भरणाऱ्याचे नाव आणि खर्चाचा पल्ला दिसतो.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट. भारतीय पासपोर्ट असेल तर तुम्ही पक्षाला देणगी देऊ शकता. ओसीआय कार्डधारक परदेशी नागरिक असतात, त्यांची देणगी परदेशी स्रोत ठरते. कंपन्यांना मात्र परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यातील २०१६ च्या आणि नंतर २०१८ च्या दुरुस्तीने सवलत दिली आहे, तीही १९७६ पर्यंत मागे नेऊन. परदेशी भांडवल निम्म्याहून जास्त असले तरी क्षेत्राच्या गुंतवणूक मर्यादेत असलेली भारतीय कंपनी परदेशी स्रोत धरली जात नाही. रोख्यांच्या खटल्यातून हा वाद वेगळा काढला गेला, त्यामुळे २०२४ च्या निकालाने त्याला हात लागलेला नाही.

उमेदवाराच्या खर्चाबाबत घड्याळाकडे लक्ष ठेवा. महाराष्ट्रात मर्यादा लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. गोव्यात ७५ लाख आणि २८ लाख. पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला मर्यादाच नाही, आणि कंपन्यांचा पैसा मुख्यतः तिथेच जातो. उमेदवाराने निकालापासून ३० दिवसांत हिशेब द्यायचा असतो. तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे १ रुपया शुल्क भरून पाहता येतो आणि प्रतही मिळते. रोजचा खर्च पांढऱ्या पानांवर, रोख गुलाबी, बँक पिवळ्या. त्याच्याशेजारी निरीक्षकांच्या पथकाने ठेवलेली छाया नोंदवही मागा, कारण सभेतल्या खुर्च्या आणि गाड्या चित्रीकरणावरून मोजून त्यांनी वेगळा आकडा लिहिलेला असतो. उच्च न्यायालयात निवडणूक याचिका मात्र निकालापासून ४५ दिवसांतच दाखल करावी लागते. हिशेब शेवटच्या दिवशी आला तर तुमच्या हाती १५ दिवस उरतात, म्हणून प्रतीचा अर्ज आधीच लिहून ठेवा. मुदत चुकली तरी खोट्या हिशेबाची तक्रार लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०अ खाली आयोगाकडे करता येते. हिशेब वेळेत आला एवढेच न पाहता तो खरा आहे का हेही आयोग तपासू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये अशोक चव्हाण यांच्या भोकर मतदारसंघाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.